ताईंच्या लॉगिनवरून

मागच्या उन्हाळ्यात मी एक पुस्तिका लिहायला बसलो होतो. पुस्तिका म्हणजे फार काही नाही, वीसेक पानं. ओझरच्या रस्त्याला खताच्या दुकानाच्या माडीवर आमच्या संस्थेचं ऑफिस आहे. फिटचा आजार असलेल्या माणसांना दर महिन्याला गोळ्या पोचवायच्या, हे तिचं काम. कोणाला गोळ्या कधी दिल्या, पुढच्या कधी द्यायच्या, कोण भेटलं, कोण भेटलं नाही, याची नोंद ठेवणारं एक अ‍ॅप्लिकेशन मी तिथे करून दिलं होतं. आता नगरकडची एक संस्था तेच वापरायला घेणार होती. त्यांनी कळवलं होतं, कसं वापरायचं ते लिहून द्या, आणि शेवटी एक पान असं द्या की तुमच्या हातून काय चुका झाल्या. म्हणजे आम्ही त्या करणार नाही.

त्या शेवटच्या पानावर मी लिहिलं, 'सुरुवातीच्या काळात एका कार्यकर्तीकडून नजरचुकीने एक फाईल बंद झाली', आणि थांबलो.

ते वाक्य खोटं होतं. फाईल मी बंद केली होती. त्या कार्यकर्तीचं नाव त्यापायी खराब झालं आणि मी सहा वर्षं गप्प राहिलो. आजवर हे खोटं ऑफिसच्या चार भिंतींत होतं. आता मी ते छापायला निघालो होतो. ज्यांनी आम्हाला कधी पाहिलं नाही अशी माणसं ते वाचणार होती आणि म्हणणार होती, बरोबर आहे, गावाकडच्या बायका, संगणक नवीन, व्हायचंच.

मी मुळातच कमी बोलणारा. बायको म्हणते, तुमच्या पोटातलं काढायला बोअर मारावी लागेल. ही गोष्ट तिलाही सांगितली नव्हती.

पुण्यातली नोकरी सोडून मी राजुरीला परत आलो तेव्हा चाळिशी ओलांडली होती. कारण वडिलांचं आजारपण सांगत असे. खरं तर कंपनीने जी माणसं कमी केली त्यांत मी होतो, पण तो भाग वेगळा. गावात राहून दोन-तीन ठिकाणची कामं घरबसल्या करायचो. संस्थेच्या डॉक्टरांनी, म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन ज्यांनी ही संस्था सुरू केली त्यांनी, एकदा बोलावलं. टेबलावर जाडजूड रजिस्टरं पडली होती. म्हणाले, "ह्याचं काही करता येईल का? पुण्याचे लोक मदत देतात, ते दरवेळी आकडे मागतात. आमचे दोन दिवस मोजण्यात जातात."

मी म्हटलं, विकत काही घ्यायला नको. लिनक्स आहे, पायथन आहे, डेटाबेस आहे. जगभरच्या लोकांनी करून मोकळं ठेवलंय. कोणीही घ्यावं, आपल्याला हवं तसं बदलावं, बदललेलं पुन्हा सगळ्यांसाठी ठेवावं. मात्र कोणी काय बदललं आणि का बदललं, हे ज्याने त्याने आपल्या नावानिशी लिहून ठेवायचं, एवढाच रिवाज.

कोपऱ्यात गोळ्यांची पाकिटं भरत बसलेल्या ताई म्हणाल्या, "म्हंजी पाणवठ्यासारखं."

"हो, तसंच."

"मग कुणीतरी घाण करीत आसंल की."

"केली तर कोणी केली ते कळतं, ताई."

हे मी बोललो होतो. माझ्याच तोंडचे शब्द आहेत.

ताई महाळुंगे पडवळच्या. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. आंबेगाव आणि जुन्नर या दोन्ही तालुक्यांतल्या वाड्या-वस्त्यांवर एसटीने, जीपने, मिळेल त्या मोटरसायकलवर मागे बसून फिरायच्या. कोणाच्या घरी कोण आजारी, कोणाला फिट आली की सासू कांदा हुंगवते, कोण गोळ्या घेतो म्हणून सांगतो आणि घेत नाही, सगळं त्यांना पाठ. पुण्याच्या कागदांवर पेशंटला 'क्लायंट' म्हणत, म्हणून मीही स्क्रीनवर तोच शब्द टाकला. ताईंनी तो मोठ्याने वाचला.

"क्लायंट तर वकिलाचं आसतं ना, भाऊ? आपली काय केस हाये का कोर्टात?"

शेवटी स्क्रीनवर 'आपली माणसं' असं आलं. पुण्याच्या लोकांना पाठवायच्या कागदावर क्लायंट राहिलं.

काम उभं राहायला एक पावसाळा गेला. कोणीतरी दिलेला जुना संगणक कपाटात ठेवून त्याचा सर्व्हर केला. प्रत्येक माणसाची एक फाईल. नाव, वय, गाव, फोन, गोळी कोणती, शेवटची भेट कधी, पुढची कधी. भेट वेळेवर झाली असेल तर ओळ हिरवी, लांबली तर पिवळी, तीन महिने झाली नसेल तर लाल. गाव निवडलं की त्या गावची यादी समोर. महिन्याच्या पहिल्या सोमवारी चालू फाईलींची यादी छापायची आणि तिच्यावरून पाकिटं भरायची. मला ते फार देखणं वाटायचं. ताई एका बोटाने टाईप करायच्या आणि प्रत्येक बटण दाबण्याआधी माझ्याकडे बघायच्या. त्यांचा पासवर्ड त्यांच्या म्हशीचं नाव होता. तो सगळ्या ऑफिसला माहीत होता.

रजिस्टरात मात्र एक गोष्ट होती जी माझ्या स्क्रीनवर नव्हती. काही पानांचे कोपरे दुमडलेले असायचे. मी विचारलं तर ताई म्हणाल्या, "ही मेंढरवाली माणसं. ती भायेर गेल्यात. गेल्यात पण आपलीच हायेत."

आमच्याकडे मेंढपाळ कुटुंबं आहेत. बरीचशी आता शेतीच करतात, काही अजून वर्षातले आठ महिने मेंढ्यांमागे फिरतात. पीक निघालं की शेतकरी त्यांना बोलावतात, चार-आठ दिवस मेंढ्या आपल्या रानात बसवून घेतात, जमिनीला खत मिळतं. मेंढ्या, घोडी, कुत्री, कोंबड्या, जाळीचं कुंपण आणि माणसं या सगळ्या फिरत्या संसाराला ते वाडा म्हणतात. वाडा आज कुठे आहे हे विचारायचं तर ज्याच्या रानात मेंढ्या बसल्या त्या शेतकऱ्याला विचारायचं. ताई तेच करायच्या. दुमडलेल्या पानाच्या समासात एकाखाली एक फोन नंबर असत, एक खोडून त्याखाली दुसरा. ते सगळे शेतकऱ्यांचे नंबर. गोळ्यांचं पाकीट दुधाच्या गाडीवाल्याकडे द्यायचं, तो त्या रानाजवळ उतरवायचा.

माझ्या फाईलीत या माणसांसाठी 'गाव' ही जागा रिकामी राहिली. तीनच फाईली होत्या तशा. बाकीच्या मेंढपाळांनी कुठलं ना कुठलं गाव सांगितलं होतं. ताईंनी मला दोनदा सांगितलं, "भाऊ, कोपरा दुमडायची काहीतरी सोय करा. न्हाईतर ही मान्सं कायम लाल दिसणार." करायला दोन तासांचं काम होतं. पुढच्या शनिवारी करू म्हणून मी टाळत गेलो. मी फक्त शनिवारी जायचो. आणि रजिस्टरं कापडात बांधून माळ्यावर टाकायला लावली तीही मीच. दोन ठिकाणी लिहिलं की घोळ होतो, असं डॉक्टरांना पटवून.

एका शनिवारी पुण्याची मंडळी अ‍ॅप्लिकेशन बघायला येणार होती, तीन वाजता. दुपारी ताई डबा खायला खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर जाणार होत्या, म्हणून दोन-तीन महिन्यांच्या राहिलेल्या नोंदी भरून घ्यायची त्यांची गडबड चालली होती. मी त्यांच्या खुर्चीत बसलो. यादी उघडली तर अर्धा पडदा लाल. भेटी झाल्या होत्या, नोंदी व्हायच्या होत्या, पण पाहुण्यांना ते कसं सांगणार. त्यांना दिसलं असतं की यांचं काम लाल आहे. आणि माझंही.

मी लाल ओळी सगळ्या निवडल्या आणि 'फाईल बंद करा' दाबलं. पडदा हिरवागार झाला. मंडळी गेली की परत उघडू, एवढाच विचार. ताईंच्या लॉगिनमधून बाहेर पडून माझ्या नावाने आत यायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते अर्धं मिनिट मी घेतलं नाही. मुद्दाम केलं का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. तेव्हा मुद्दाम नव्हतं. नंतर झालं.

मंडळी आली, खूश झाली, चहा पिऊन गेली. ताईही निघून गेल्या. संध्याकाळी मी एकेक गाव निवडून बंद फाईली परत उघडल्या. राजुरी, बेल्हे, साकोरी, महाळुंगे, कळंब, सगळी गावं. यादीतलं शेवटचं गाव झालं तेव्हा मी समाधानाने संगणक बंद केला. ज्यांना गावच नव्हतं, ती तीन माणसं कुठल्याच गावाच्या यादीत आली नाहीत.

त्यांपैकी दोघं महिन्याअखेरीस स्वतः ऑफिसात आली आणि कोणीतरी त्यांना हातानेच पाकिटं दिली. तिसरी एक बाई होती, पस्तिशीची, तिचा वाडा तेव्हा लांब पूर्वेला होता. जवळच्या गोळ्या संपल्या. यादीत नाव नाही, म्हणून पाकीट भरलं गेलं नाही, आणि ज्यांनी विचारलं असतं त्या ताई लेकीकडे. दूधवाल्याची वाट बघत बाईने काही दिवस काढले. मग एका सकाळी भाकरी करताना तिला फिट आली आणि डावा हात चुलीत गेला.

हात वाचला. दोन बोटं कायमची आखडली.

तिचा नवरा ऑफिसात आला तो शनिवार होता. पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "सायब, आमचं नाव कटलं का?"

मी संगणकासमोर बसलो होतो. म्हटलं, "बघतो."

डॉक्टर माझ्या मागे येऊन उभे राहिले. "कोणी बंद केलीय फाईल?" सगळ्या नोंदींचा इतिहास उघडून त्या फाईलीची ओळ काढली. तारीख, दुपारची वेळ, ताईंचं नाव. त्याच यादीत चार बोटं खाली सरकवलं असतं तर त्याच मिनिटाला बंद झालेल्या बाकी सगळ्या फाईली आणि संध्याकाळी, ताई निघून गेल्यावर, त्या उघडल्याच्या नोंदी दिसल्या असत्या. मग डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला असता आणि सगळं संपलं असतं. मी पान खाली सरकवलं नाही.

"ताईंच्या लॉगिनवरून झालंय," मी म्हणालो.

यातला शब्दन् शब्द खरा होता. म्हणूनच तो इतकी वर्षं टिकला.

डॉक्टर म्हणाले, "जायच्या आदल्या दिवशी. घाईत उरकून टाकलं असेल." मी मान हलवली नाही आणि नाही असंही म्हणालो नाही.

ताई परत आल्यावर महिन्याच्या बैठकीत विषय निघाला. डॉक्टर आवाज चढवून बोलणारे नव्हेत, पण सगळ्यांदेखत बोलले. ताई खाली बघून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या नावावर दिसतंय म्हंजी मीच केलं आसंल. मला आठवत न्हाई." आणि माझ्याकडे वळल्या. "भाऊ, चुकून बोट लागून व्हतं का आसं?"

ती मला मिळालेली दुसरी संधी होती. मी म्हणालो, "होऊ शकतं."

मेंढपाळांकडे गोळ्या पोचवायचं काम त्यांच्याकडून काढून दुसऱ्या कार्यकर्तीला दिलं. चार-सहा महिन्यांनी ताईंनी काम सोडलं. घरचं रान बघायचंय, असं कारण दिलं. कोपरा दुमडायची सोय मी त्याच आठवड्यात केली होती. 'गाव' रिकामं असेल तर 'वाडा' लिहायचा, शेतकऱ्यांचे नंबर एकाखाली एक, आणि अशी फाईल बंदच होणार नाही. प्रोग्रॅममध्ये बदल केला की शेजारी कारण लिहायचं असतं. मी लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती.'

तर पुस्तिकेचं ते वाक्य लिहून मी थांबलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकल काढून महाळुंगे पडवळला गेलो.

ताई अंगणात कांद्याच्या ढिगापाशी बसल्या होत्या. विळ्याने पात कापायची, मान थोडी ठेवायची, कांदा पाटीत टाकायचा. मला बघून म्हणाल्या, "आज कुणीकडं वाट चुकलात, भाऊ? कम्पूटर बिघडला का?"

"नाही, चालू आहे."

"मग माणूस बिघडलं आसंल. बसा."

मी बसलो. दुसरा विळा घेऊन पात कापायला लागलो. त्या माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, "मान ठिवा जराशी, न्हाईतर सडतोय." पाटीभर कांदा झाला. शेवटी विळा खाली ठेवला आणि सांगितलं. लाल ओळी, बटण, त्यांची खुर्ची, संध्याकाळची गावं, सगळं.

त्यांचे हात थांबले. "परत सांगा."

मी परत सांगितलं.

"मी खाली डबा खायला गेले व्हते, तवा?"

"हो."

"त्या दिशी वांग्याची भाजी व्हती. तुमाला थोडी ठिवली व्हती मी झाकून."

"हो."

"खाल्ली तुमी?"

"खाल्ली."

त्यांनी कांदा उचलला, पात कापली, टाकला. आणखी एक. असे बरेच कांदे झाले. मग उजव्या हाताची तर्जनी वर करून माझ्यासमोर धरली. "ह्या बोटानं मी सहा वर्सं काय दाबलं न्हाई, भाऊ. लेक म्हणती आई, फोटू पाठव. मी म्हणते नगं. ग्यासचा नंबर लावायचा तर शेजारणीला बोलावते. घरातली हसत्यात. मला वाटायचं, आपल्या बोटाला गुण न्हाई. एका बाईचा हात गेला ह्याच्यापायी."

एवढी वर्षं माझी समजूत होती की मी त्यांचं नाव घेतलं, त्यांचं काम घेतलं. माझी चूक मी त्यांना दिली होती, आणि त्यांनी ती स्वतःची म्हणून सांभाळली होती, हे मला माहीत नव्हतं.

"मला इचारलं आसतं," त्या म्हणाल्या, "तर मीच म्हणले आसते, करा बंद, पावणं गेलं की उघडा. आन् तिघांची नावं बी सांगितली आसती. कोपरं माझ्या ध्यानात व्हते."

"हो, ताई."

"नुसतं हो काय."

आतून सुनेने चहा आणून ठेवला. त्यांनी कप माझ्याकडे सरकवला नाही, मीही घेतला नाही. मग त्याच बोलल्या. "मी जाते तिच्याकडं. वाडा ह्या बाजूला आला की दर साली जाते. गोळ्या चालू हायेत का बघते. ती भाकरी वाढती, दूध देती. मी म्हणते, आज उपास हाये. एकदा सोमवार सांगितला, एकदा गुरवार, शनवार झाला, एकादशी झाली. माझ्या हातानं तिचा हात जळाला आन् त्याच हातानं तिच्या ताटात जेवू? तिथलं पाणी बी घेतलं न्हाई मी. तिला वाटतंय ताई लई देवभोळी झाली." बोलता बोलता त्यांना हसू आलं आणि ते लगेच गेलं. "मला सांगून भागायचं न्हाई. जिथं माझं नाव घेतलं तिथं सांगा. मग तिला सांगा. मी येते संगं. तुमी काय सांगताय ते मला ऐकायचंय."

पहिल्या सोमवारी बैठक होती. मी उभा राहून सांगितलं. एरवी मी बैठकीत बोलत नाही, त्यामुळे सगळ्यांना आधी वाटलं की सर्व्हर बंद पडलाय. डॉक्टर आता थकलेत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "मी तेव्हा तुमच्या मागेच उभा होतो."

"हो."

"मला खाली बघायला सांगायचं होतंत. मला कुठे येतं त्यातलं." मग बैठकीच्या वहीत हे माझ्या नावाने लिहून घ्यायला सांगितलं, आणि त्याची प्रत ताईंना स्वतः नेऊन देतो म्हणाले. दिली की नाही ते मी विचारलं नाही. ताईंनी एक दिवस फोनवर एवढंच सांगितलं, "डॉक्टर येऊन गेलं. लई येळ बसलं. वाडा राजुरीच्या शिवारात आलाय. मंगळवारी या."

त्या मंगळवारी अंगारकी चतुर्थी होती, ओझरच्या गणपतीला जाणाऱ्या रस्त्याला पहाटेपासून गाड्याच गाड्या. महाळुंग्याहून ताईंना मागे बसवून राजुरीला यायला दुपार झाली.

कांदा निघालेल्या रानात वाडा होता. जाळीच्या आत कोकरं, बाभळीच्या सावलीत खाट, तीन दगडांची चूल. बाई दोरीची गाठ सोडत होती. डाव्या हाताच्या आखडलेल्या बोटांनी दोरी दाबून धरायची, उजव्याने आणि दातांनी गाठ ओढायची. ताईंना बघून हसली, मला बघून पदर नीट केला. तिचा नवरा खाटेवरून उठला.

मी उभ्या उभ्याच सुरुवात केली. ती म्हणाली, "बसा की, भाऊ. उभं राहून काय पंचनामा करताय?"

बसून सांगितलं. संगणकातलं त्यांना कसं सांगावं याची मी घरून तयारी करून आलो होतो, ती काही उपयोगी पडली नाही. एवढंच म्हणालो, "तुमचं नाव यादीतून मी काढलं होतं. पाहुण्यांपुढे यादी चांगली दिसावी म्हणून. परत घालताना तुमचं राहिलं. ताईंनी काही केलं नव्हतं. आणि मला माहीत असून मी ताईंचं नाव जाऊ दिलं."

कुत्रं येऊन माझे बूट हुंगून गेलं. नवरा माझ्याकडे निरखून बघत होता. "आमी आलो व्हतो हापिसात. तुमीच खुर्चीत व्हता ना? मी इचारलं, आमचं नाव कटलं का. तुमी म्हणला, बघतो."

"हो. मीच."

"मग बघितलं म्हणायचं आज." तो परत खाटेवर बसला. "लई येळ लागला राव बघायला."

बाईने आपला डावा हात मांडीवर उपडा ठेवला होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती, ताईंकडे बघत होती.

"म्हंजी तुमी न्हाई केलं."

"न्हाई," ताई म्हणाल्या. "मला बी आत्ता कळलं."

"मग ही सा वर्सं आमच्याकडं उपाशी का?"

ताईंनी मान खाली घातली. बाईला उमगायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, "आगं बाई. आन् मी म्हणते, हिचं वार तरी किती." आणि उठून चुलीकडे गेली. काटक्या सारल्या, फुंकणी घेतली. "आज भाकरी खायाचीच. कालवण हाये सकाळचं."

"आज न्हाई," ताई म्हणाल्या.

बाई तशीच वळली. नवराही बघायला लागला.

"आज खरंच चतुर्थी हाये गं. अंगारकी."

नवरा आधी हसला. मग बाई. तोंडाला पदर लावून ती इतकी हसली की कोकरं बिचकून जाळीला लागली. ताईही हसत होत्या, डोळे पुसत होत्या. मी हसलो नाही. तो माझा हक्क नव्हता असं तेव्हा वाटलं, अजूनही वाटतं.

"च्या चालतो ना चतुर्थीला?" बाईने विचारलं.

"चालतो."

पुस्तिकेचं शेवटचं पान मी त्या आठवड्यात पुन्हा लिहिलं, माझ्या नावाने. प्रोग्रॅममधली ती जुनी नोंद बदलता येत नाही, 'किरकोळ दुरुस्ती' तिथे तशीच राहणार. तिच्याखाली मी आता काय झालं होतं ते लिहिलंय. नगरच्या लोकांनी ते वाचून फोन केला होता, आम्ही खुर्चीतून उठताना लॉगिन बंद करायचा नियम केलाय म्हणून. बरं, म्हटलं. ताई कामावर परत आल्या नाहीत. डॉक्टरांनी विचारलं होतं. विचार करते म्हणाल्या, आणि अजून करताहेत. माझ्याशी त्या बोलतात, पण पूर्वीसारखं चेष्टेचं बोलत नाहीत. ते मी मान्य केलंय.

त्या दुपारी बाईने शेळीच्या दुधाचा चहा केला. आधी ताईंना दिला, मग नवऱ्याला, सगळ्यात शेवटी मला. ताईंनी कप दोन्ही हातांत धरला, बराच वेळ फुंकत राहिल्या. आम्ही तिघंही कोकरांकडे बघत होतो, त्यांच्याकडे बघत नव्हतो. मग त्यांनी घोट घेतला.

"साखर लई टाकलीस," त्या म्हणाल्या.

"सा वर्सांची हाये," बाई म्हणाली. "प्या मुकाट. आन् उद्या या जेवायला. उद्या बुधवार हाये, बुधवारी काय नसतं."